वाचक विचारतात : दोन घरांमधला प्रवास

घटस्फोटानंतर एक पालक कोल्हापुरात आणि दुसरा पुण्या-मुंबईत, अशी घरं आता कमी नाहीत. मूल लहान असेपर्यंत त्याला कुणीतरी घेऊन जातं, आणून सोडतं. तेरा-चौदाव्या वर्षी त्याची स्वतःची मतं, मित्र, क्लास, सामने सुरू होतात आणि जाण्या-येण्याच्या दिवसावरून घरात कुरबुर वाढते. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. दर दुसऱ्या शनिवार-रविवारी पुण्याला वडिलांकडे जातो. रविवारी रात्री परत आला की दोन दिवस धड बोलत नाही. काही सांगितलं की "तिकडं असलं काही नसतंय" म्हणतो, दार आपटतो. ते त्याचे कान भरतात असं मला वाटतं. शिवाय चार महिने पोटगीही आलेली नाही. भेटी बंद करू का?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, आधी रविवारच्या रात्रीकडे बघा. मुलगा पुण्याहून कधी निघतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण बहुतेक घरांत वडिलांना त्याच्यासोबत अजून थोडा वेळ हवा असतो, म्हणून संध्याकाळी सहा-सातची गाडी धरली जाते. अंतर सुमारे २३० किलोमीटर. बसला पाच-सहा तास, त्यात ढाब्यावरचा थांबा आणि महामार्गाच्या रुंदीकरणामुळे होणारा खोळंबा. पोरगं कोल्हापूरच्या वेशीवर तावडे हॉटेलच्या थांब्याला उतरतं तेव्हा बारा वाजून गेलेले असतात आणि सकाळी शाळा असते. या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते, त्याला चार-पाच मिळते. सोमवारी तो चिडचिड करतो ती बरीचशी या अपुऱ्या झोपेची असते. कान भरले का, हा विचार त्यानंतर करा.

म्हणून पहिला बदल वेळेत करा. रविवारी दुपारी बाराच्या आत पुणं सोडायचं, म्हणजे उजेडात घरी पोचून, अंघोळ करून, दप्तर भरून तो वेळेत झोपेल. हे जमत नसेल तर दर पंधरवड्याऐवजी महिन्यातून एकदा, पण जोडून आलेल्या सुट्टीला सलग तीन दिवस पाठवा. आताच्या पद्धतीत प्रत्येक खेपेला दहा-बारा तास रस्त्यावर जातात आणि बापलेकाच्या हातात जेमतेम एक दिवस राहतो. वडिलांना ही कपात वाटू नये, म्हणून जितके दिवस कमी होतील तितके दिवाळीत आणि मे महिन्यात वाढवून द्या, आणि ते लेखी द्या.

दुसरा बदल तुमच्या दारात. तो आल्यावर पहिल्या संध्याकाळी फक्त जेवण, झोप आणि उद्याचा डबा एवढंच विचारा. "घरी आणखी कोण होतं?", "माझ्याबद्दल काय म्हणाले?" हे प्रश्न तुम्ही सहज विचारता, पण त्याला ती उलटतपासणी वाटते. खरं सांगावं तर वडिलांची चुगली होते आणि लपवावं तर आईशी खोटं बोलावं लागतं, म्हणून तो गप्प बसतो. दोन-तीन खेपा काहीही न विचारता गेल्या, की बरीच मुलं आपणहून बोलायला लागतात, तेही तुम्ही भाजी निवडत असताना किंवा गाडीवर मागे बसलेली असताना. तेव्हा नुसतं ऐका. वडिलांबद्दल शेरा मारलात की ते बोलणं तिथेच थांबेल.

"तिकडं असलं नसतंय" याला "तिकडचं तिकडं, इथलं इथं" एवढं शांतपणे म्हटलं तरी चालतं. दोन्ही घरांत सारखे असायलाच हवेत असे नियम मोजके आहेत: शाळेच्या आदल्या रात्री झोपायची वेळ, रात्री मोबाईल कुठे ठेवायचा, चालू असलेली औषधं आणि सोमवारी द्यायचा गृहपाठ. तेवढ्यावर वडिलांशी एकमत करा. तिकडे रोज बाहेरून जेवण मागवतात की सकाळी दहापर्यंत झोपतात, यावरून वाद घालू नका.

पोटगी आणि भेट या कायद्याने वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. थकलेल्या रकमेसाठी वसुलीचा स्वतंत्र अर्ज करा. भेटींचा न्यायालयाचा आदेश असेल तर त्या परस्पर बंद करणं तुमच्याच अंगाशी येईल. वेळापत्रक बदलायचं असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली आदेशात बदल मागता येतो. दोघांचं एकमत असेल तर संमतीने लिहिलेला मसुदा कौटुंबिक न्यायालयापुढे ठेवा. तिथे विवाह समुपदेशक असतात, त्यांच्यासमोर बसून तारखा ठरवणं वकिलामार्फत नोटिसा पाठवण्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं.

मात्र काही खुणा दिसल्या तर थांबू नका: दोन-तीन आठवडे सलग झोप किंवा जेवण उडणं, जायच्या दिवशी उलट्या किंवा पोटदुखी, तिथल्या एखाद्या माणसाची भीती, अंगावर वळ, "मला जगायचंच नाही" असं बोलणं. यात प्रवासाच्या थकव्यापलीकडचं काहीतरी आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा तुमच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. मारहाण किंवा अत्याचाराची शंका असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : मी पुण्यात नोकरीला. मुलगा अकरावीत, कोल्हापुरात आईजवळ राहतो, पेठेतल्या संघातून फुटबॉल खेळतो. दोन वर्षांपूर्वी मी दुसरं लग्न केलं. गेल्या वर्षभरात तो तीनदाच आला. विचारलं की "मॅच आहे, सराव आहे" म्हणतो. ही कारणं त्याची आई शिकवते की खरी आहेत? कोर्टात जाऊ का?
— एक वडील, पुणे

उत्तर : तुम्ही मूळचे कोल्हापूरचेच असाल तर पेठेच्या संघात खेळणाऱ्या पोराला सामना किती मोठा असतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. हंगाम सुरू झाला की शनिवार-रविवार त्याचे राहत नाहीत. एक सामना चुकवला तर पुढच्या वेळी त्याला बाकावर बसावं लागतं. त्याला सामना सोडून पुण्याला ये म्हणणं म्हणजे सोळाव्या वर्षी त्याने जे स्वतः कमावलं आहे ते सोडायला सांगणं.

तेव्हा हंगाम संपेपर्यंत प्रवास तुम्ही करा. महिन्यातून एकदा शनिवारी सकाळी निघा, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून त्याचा सामना बघा, संध्याकाळी त्याला जेवायला घेऊन जा, रात्री लॉजवर किंवा तुमच्या नातेवाइकांकडे राहा. सामन्यानंतर त्याच्या मित्रांसमोर वर्षभराचा हिशेब काढू नका. हरला असेल तर खेळातल्या चुकाही सांगू नका. तो पुण्याला येईल ती खेप हंगाम नसलेल्या दिवसांत ठेवा आणि तारीख त्यालाच विचारा: "जूनमधले कुठले चार दिवस तुला मोकळे?" आईकडून तारखा ठरवून त्याला कळवायचं वय आता गेलं.

आता दुसऱ्या लग्नाचं. पत्रात ते एका ओळीत आलं आहे, पण तिथे जास्त लक्ष द्यायला हवं. तुमच्या घरात त्याची जागा कुठली? हॉलमधल्या सोफ्यावर झोपणारा, बॅगेतून कपडे काढणारा मुलगा तिथे पाहुणाच असतो, आणि सोळाव्या वर्षी बापाच्या घरी पाहुणा होणं फार लागतं. एक कप्पा, एक चावी, दोन जोड कपडे, टॉवेल, दाढीचं सामान, चार्जर कायम तिथे राहू द्या. वायफायचा पासवर्ड त्याला आल्या-आल्या मागावा लागू नये. दर भेटीत निदान अर्धा दिवस फक्त तुम्ही दोघं असा. तुमच्या पत्नीला "आई" म्हणायची सक्ती करू नका, काय हाक मारायची ते त्यांचं ते ठरवतील. त्याला शिस्त लावायचं काम तिच्यावर सोपवू नका, ते तुम्हीच करा.

कोर्टाबद्दल: पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ प्रमाणे समंजस वयाच्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकतं. सोळाव्या वर्षी ती इच्छा वजनदार ठरते. आदेश मिळाला तरी इतक्या मोठ्या मुलाला धरून बसमध्ये बसवता येत नाही. आई खरोखरच अडवत असेल, फोन देत नसेल, निरोप पोचू देत नसेल, तर अर्ज जरूर करा. नुसता फुटबॉल आड येत असेल तर करू नका.

प्रश्न : मी दहावीत आहे. पप्पांकडे निघाले की आई म्हणते, "क्लासची फी कधी भरणार विचार." तिकडे गेलं की पप्पा म्हणतात, "आईला सांग, फ्लॅटच्या कागदांवर सही कर." मी सांगितलं तरी भांडण, नाही सांगितलं तरी मलाच बोलणी. काय करू?
— एक मुलगी, शाहूपुरी

उत्तर : हे काम तुझं नाही आणि ते नाकारलंस म्हणून तू उद्धट ठरत नाहीस. दोघांनाही एकच वाक्य सांग, आवाज न चढवता: "हे तुम्ही दोघं बोला. मी निरोप नेणार नाही." बसमध्ये बसताना घाईत सांगू नकोस, निघायच्या आदल्या दिवशी सांग. तोंडाने जमत नसेल तर दोघांना तोच मेसेज पाठव, शब्द बदलू नकोस. पहिल्या दोन वेळा राग येईल, "एवढं पण सांगता येत नाही?" असं ऐकावं लागेल. त्यावर तेच वाक्य परत म्हण, कारणं देत बसू नकोस. तरी थांबलं नाही तर मामा, आत्या, शाळेतल्या बाई, ज्यांचं दोघंही ऐकतात अशा एका मोठ्या माणसाला मध्ये घे. हा अंक घरी उघडा ठेवलास तरी चालेल.

आणि तिच्या आई-वडिलांसाठी: फी, सह्या, तारखा यांसाठी तुम्हा दोघांचा एक वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप किंवा ईमेल ठेवा. त्यात फक्त तारीख, रक्कम आणि कागद. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. जानेवारीपासून तिच्यामार्फत एकही निरोप जाऊ देऊ नका.

प्रश्न : नात तेरा वर्षांची. माझ्या मुलाजवळ, म्हणजे आमच्याकडे राहते. तिची आई पुण्यात. आजवर माझा मुलगा नेऊन सोडायचा. आता ती म्हणते एकटी जाते. मुलगा म्हणतो आईने येऊन न्यावं, आई म्हणते तुम्ही आणून सोडा. माझा तर जीव होत नाही.
— एक आजी, कळंबा

उत्तर : आजी, एकटीने जायच्या आधी एक मधली पायरी आहे. सातारा हे साधारण निम्म्या वाटेवर. चार-सहा महिने वडिलांनी साताऱ्यापर्यंत आणायचं आणि आईने तिथून न्यायचं, म्हणजे कुणी कुठवर यायचं हा वादच उरत नाही. भेट बसस्थानकाच्या आत, चौकशी खिडकीपाशी ठरवा, महामार्गावरच्या उड्डाणपुलाखाली नको. दोघं समोरासमोर आल्यावर शब्द वाढत असतील तर मुलीला सोडायला वडिलांऐवजी काका किंवा तुम्ही जा.

मग एकटीचा पहिला प्रवास. दिवसा, एसटीने, मध्यवर्ती बसस्थानकावरून थेट स्वारगेट. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ते तिलाही मिळेल. रेल्वेत मात्र बाराव्या वर्षानंतर पूर्ण तिकीट लागतं. जागा पुढच्या दोन-तीन रांगांत, शक्यतो एखाद्या बाईशेजारी. वाहकाला "ही एकटी आहे, स्वारगेटला आई येणार आहे" असं तिच्यासमोर सांगा. रात्रीची खासगी ट्रॅव्हल्स सुरुवातीला टाळा, कारण त्या कात्रज, वाकड, चांदणी चौक अशा ठिकाणी अंधारात रस्त्याकडेला उतरवतात आणि आयत्या वेळी थांबा बदलतो. बहुतेक गोंधळ तिथेच होतो: आई स्वारगेटला उभी आणि मुलगी कात्रजला.

तिच्याजवळ हे असू द्या: पूर्ण चार्ज केलेला फोन आणि पॉवर बँक, आधार कार्डाची प्रत, दोघा पालकांचे क्रमांक कागदावर लिहून, पाचशे रुपये रोख आणि ते दोन ठिकाणी ठेवलेले, पाणी, डबा, सॅनिटरी पॅड, गाडी लागत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी. ढाब्यावर उतरण्याआधी बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढायला शिकवा, एकसारख्या बस उभ्या असतात तेव्हा त्याचा उपयोग होतो. फोन तीनदाच: बस सुटली, साताऱ्याला पोचली, आई भेटली. दर अर्ध्या तासाला फोन केलात तर बॅटरी संपेल आणि तीही वैतागून उचलायचं सोडेल.

एक विनंती. निघताना तिच्यासमोर डोळ्यांत पाणी आणू नका. "आजी रडते म्हणून मी आईकडे जात नाही" असं म्हणणाऱ्या मुली असतात, आणि मग आईला वाटतं की सासरच्यांनी अडवलं.

प्रश्न : पावसाळ्यात भेट बुडाली तर ती धरायची की नाही? यावरून दर वर्षी वाद होतो.
— एक वाचक, शिरोली

उत्तर : ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात तुमच्याच शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती, तेव्हा हा प्रश्न करारातच सोडवून ठेवा. त्यात तीन ओळी हव्यात. पुरामुळे महामार्ग बंद असेल किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली असेल तर मुलाला पाठवायचं नाही. बुडालेली भेट रद्द न धरता पुढच्या तीस दिवसांत भरून द्यायची आणि नवी तारीख भेट बुडाल्यापासून तीन दिवसांत कळवायची. बुडालेल्या शनिवारी-रविवारी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करायचा. दूर राहणाऱ्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटलं आहे. मूल वाटेत असताना रस्ता बंद झाला तर कऱ्हाड किंवा साताऱ्यात कुणाकडे थांबायचं, त्या नातेवाइकाचं नाव आणि फोन दोन्ही घरांत लिहून ठेवा. जुलै-ऑगस्टमधल्या भेटी आधीच कमी ठेवून ते दिवस दिवाळीच्या सुट्टीत घेणं सर्वांत सोयीचं पडतं.