जुनी गाडी आणि एकच किल्ली
एमपी ०९ (म्हणजे इंदूरच्या) क्रमांकाची जुनी गाडी तुम्ही एकाच किल्लीवर घेतली आहे, तेव्हा दुसरी किल्ली आधी करून घ्या. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या किल्लीच्या मुठीत इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चिप असते. त्यामुळे इंदूरच्या बाजारात नुसते पाते कापून घेतले तर दार उघडेल, पण इंजिन सुरू होणार नाही. माझे पैसे असेच वाया गेले होते. अधिकृत सेवा केंद्रात आरसी व ओळखपत्र न्या आणि आधीच्या मालकाकडे राहिलेल्या किल्लीची नोंद पुसायला आवर्जून सांगा.

तिथेच १७ अंकाक्षरांच्या चॅसिस क्रमांकावरून रिकॉलची, म्हणजे कारखान्यातल्या दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावून करायची, दुरुस्ती बाकी आहे का, हे विचारा. मालक बदलला तरी ती मोफत होते. मात्र कंपनीचे पत्र अनेकदा जुन्याच पत्त्यावर जाते. दोष एअरबॅगचा निघाला, तर एक दिवसही थांबू नका.