साठ हजारांचा अँप घ्यायलाच हवा का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी इंदूरला लोकमान्यनगरात राहतो, बँकेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. दिवाळीला मुलीनं सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन दिला, मी तो मोबाइलला डोंगल (हेडफोनच्या जॅकची छोटी यूएसबी जोडणी) लावून ऐकतो, जास्त करून अमीर खाँसाहेबांची जुनी रेकॉर्डिंग आणि नाट्यपदं. आवाज फुल केला तरी गाणारा जरा लांब बसलाय असं वाटतं. एका दुकानात विचारलं तर म्हणे एवढ्या हेडफोनला साठ हजारांचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, पाहिजे, नाहीतर हेडफोन वाया गेला. माझी तयारी दहा-बारा हजारांची, फार ओढलं तर पंधरा. भाचा डिसेंबरात अमेरिकेहून येतोय, तो म्हणतो मामा मी तिकडून स्वस्तात आणतो. काय करावं?

उत्तर : काका, आधी एक करा, साठ हजार बँकेतच राहू द्या. हेडफोन वाया वगैरे काही गेलेला नाही, उलट हा हेडफोन चालवायला तसा सोपा आहे, लोक ३०० ओम हा त्याच्या विद्युत रोधाचा आकडा बघून घाबरतात आणि दुकानदार त्या घाबरण्यावर धंदा करतात याचा मला खरंच राग येतो.

हिशोब बघा, अवघड नाही. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल आवाज देतो, हा कंपनीचाच आकडा आहे. चांगलं डोंगल साधारण १ व्होल्ट देतं. म्हणजे गाण्यातली सगळ्यात मोठी जागा १०३ ला पोचते आणि सरासरी आवाज त्याच्या वीसेक डेसिबल खाली, म्हणजे ८३ च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐका म्हणते, त्यामुळे आजकालच्या रेकॉर्डिंगला तर हे पुरून उरतं. मग तुम्हाला लांब का वाटतं? कारण जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेलं गाणं बऱ्याचदा हळू लेव्हलला असतं, त्यात खाँसाहेबांची ती अति-विलंबित झूमरा तालातली बढत, चौदा मात्रांचं आवर्तन सावकाश फिरतंय, मंद्रातला एक स्वर नुसता लावून ठेवलाय, तिथे सरासरी आवाज आणखी आठ-दहा डेसिबल खाली जातो. तिथे तुमच्या डोंगलचं बळ संपतं. तक्रार खरी आहे, पण औषध लहान आहे.

मोठ्यातली मोठी जागा ११० डेसिबलला न्यायची म्हटली तर या हेडफोनला सव्वादोन व्होल्ट लागतात, आणि ताकद म्हणाल तर फक्त १७ मिलीवॅट. मिलीवॅट बरं का! साठ हजारांच्या अँपचे दोन-तीन वॅट तुम्ही कधी वापरणारच नाही, एक वॅट जरी पूर्ण दिला तरी आवाज १२७ डेसिबलच्या वर जाईल आणि कान जातील. म्हणून दुकानात गेलात की ‘किती वॅट’ विचारू नका, ‘३०० ओमवर किती व्होल्ट’ विचारा. पाकिटावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बहुतेक ३२ ओमचा असतो, आणि बॅलन्स्ड जॅकचा, म्हणजे ती ४.४ मिलीमीटरची जाड पिन, तुमच्या हेडफोनची साधी वायर त्यात जातच नाही. साध्या जॅकवर ४ व्होल्ट मिळत असतील तर आयुष्यभर पुरेल.

पैसे खर्च करण्याआधी अजून एक तपासा. काही डोंगल काही अँड्रॉइड फोनवर पूर्ण व्होल्टेज देतच नाहीत, आवाज फुल दिसतो पण आत अर्धाच असतो. तेच डोंगल, तेच गाणं लॅपटॉपला लावून बघा. एकदम मोकळं वाटलं तर दोष फोनच्या सेटिंगचा. आणि घरात कुणाकडे २०२१ नंतरचा १४ किंवा १६ इंची मॅकबुक प्रो असेल तर त्याच्या जॅकमध्ये थेट लावा, जास्त ओमचा हेडफोन ओळखून तो ३ व्होल्टपर्यंत देतो, अँपची गरजच नाही.

स्वस्त अँप चांगला कसा असेल, ही शंका तुमच्या मनात असणार, दुकानदारानंच घातली असेल. २०११ साली नाव न सांगणाऱ्या एका इंजिनिअरनं, इंटरनेटवर तो एनडब्ल्यूएव्हीगाय म्हणून लिहायचा, ओटू नावाच्या अँपचा पूर्ण नकाशा मोजमापांसकट सगळ्यांसमोर ठेवला. साधे सुटे पार्ट, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, आणि मोजून दाखवलं की ऐकू येईल अशी खोट यात राहत नाही. पुढच्या वर्षी तो लिहायचा थांबला, कोण होता ते कळलं नाही, पण तो नकाशा लोक अजून वापरतात. शिट ऑडिओ या अमेरिकन कंपनीनं मॅग्नी नावाचा अँप ९९ डॉलरला काढला तो २०१२ मध्ये. तेव्हापासून स्वच्छ आवाज महाग राहिलेला नाही. महागड्या अँपमध्ये बॉडी चांगली, नॉब चांगला, जास्त सॉकेट, हे सगळं असतं, ते कुणाला हवं असेल तर जरूर घ्यावं, पण त्यानं खाँसाहेब पुढे येऊन बसत नाहीत.

तुमच्या बजेटमध्ये फिओ, टॉपिंग, आयफाय यांचे छोटे डेस्कवरचे अँप बघा, शक्यतो डॅक (डिजिटल गाण्याचा ऐकू येणारा सिग्नल करणारा भाग) आतच असलेला, म्हणजे फोनमधून यूएसबी वायर लावली की काम झालं. व्हॉल्यूमचा गोल नॉब असलेला घ्या, हाताला सवय लागते. गेन, म्हणजे अँप सिग्नल किती पट वाढवतो ते बटण, लो ठेवून सुरुवात करा, नॉबवर घड्याळ आहे असं समजून तो तीन वाजेपर्यंत नेऊनही आवाज कमी पडला तरच हाय करा. ट्यूबवाला, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचा अँप कुणी गळ्यात मारत असेल तर एवढं कळू द्या की त्यातल्या बऱ्याच अँपचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अँपचा स्वतःचा रोध, जास्त असतो, आणि तुमच्या हेडफोनचे ओम खर्जाकडे ३०० वरून बरेच वर चढतात, त्यामुळे तबल्याचा डग्गा फुगतो. काहींना आवडतं ते. मला ख्यालात नको वाटतं, तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्गा एकमेकांत मिसळतो.

आता भाच्याचं. इथे मी पोळलोय म्हणून जरा लांबवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मित्राकडून असाच एक अँप मागवला, बॉक्स उघडला, अॅडॉप्टरला भारतीय पिन बसवली आणि लावला. अर्ध्या मिनिटात वार्निश जळल्याचा वास. अॅडॉप्टरच्या पोटावर अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, इनपुट १२० व्होल्ट, आपल्याकडे २३० येतात. अॅडॉप्टर गेला आणि आतला रेग्युलेटरही गेला. त्यात मॅग्नी किंवा जेडीएस लॅब्जचा अॅटम यांसारख्या अँपना अॅडॉप्टरमधून डीसी नाही, एसीच लागतं, साधारण १५-१६ व्होल्ट, त्यामुळे राउटरचा किंवा लॅपटॉपचा अॅडॉप्टर ‘व्होल्टेज जुळतंय’ म्हणून लावला तर चालत नाही. शेवटी मी महाराणी रोडवर जाऊन ट्रान्सफॉर्मर वाइंड करून घेतला, अँपची दुरुस्ती वेगळी, आणि वॉरंटी तिकडची म्हणून उपयोग शून्य. भाच्याकडून मागवायचंच असेल तर यूएसबीवर चालणारा मागवा, नाहीतर सांगा की अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तरच आण. मला विचाराल तर अँप इथूनच बिल घेऊन घ्या आणि भाच्याला कानाच्या गाद्या आणायला सांगा. एचडी ६५० च्या गाद्या वापरून दबल्या की कान आतल्या जाळीला टेकायला लागतो आणि आवाजाचा तोल बदलतो, लोक तेव्हा अँप बदलतात आणि गाद्या तशाच ठेवतात.

प्रश्न : माझ्याकडे हायफायमॅन संडारा आहे, फक्त ३७ ओम. मित्र म्हणतो कमी ओम म्हणजे मोबाइलवर मस्त चालतो. बरोबर आहे का? (सुदामानगर)

उत्तर : अर्धं बरोबर. कमी ओमला व्होल्ट कमी लागतात पण करंट जास्त लागतो, आणि संडारा १ मिलीवॅटला ९४ डेसिबलच देतो. त्याच ११० डेसिबलला वरच्या काकांच्या हेडफोनला साडेसात मिलीअँपिअर लागतात, तुमच्याला ३३, चौपटीहून जास्त. व्होल्ट सव्वाच. लहान डोंगल इथे दमतं, मोठ्या आवाजाला तबल्याची थाप बोथट होते. प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याचा, असल्यानं त्याचे ओम सगळीकडे जवळपास सारखे राहतात, त्यामुळे अँपच्या आउटपुट इम्पीडन्सची काळजी कमी करा, ३२ ओमवर ३००-४०० मिलीवॅट देणारा कुठलाही नीट अँप घ्या, झालं.

प्रश्न : भिया, अँप नवीन घेतला, लॅपटॉप चार्जिंगला लावला की हेडफोनमध्ये घूं आवाज येतो, चार्जर काढला की बंद. अँप बदलून घेऊ का? (जेलरोड)

उत्तर : नको बदलू, अँप ठीक आहे. चार्जर काढल्यावर आवाज जातोय म्हणजे गडबड अर्थिंगची किंवा चार्जरची आहे. जुन्या घरात तीन भोकांचं सॉकेट असतं पण अर्थची वायर मागे जोडलेलीच नसते, इलेक्ट्रिशियनला बोलावून तेवढं बघून घे, लॅपटॉप आणि अँप एकाच बोर्डावर लाव. तोवर बॅटरीवर ऐक. आणि कुणी सांगितलं की अर्थची पिन काढून टाक, आवाज जाईल, तर तसं अजिबात करू नकोस, शॉक बसेल.