पाळीतील अतिरक्तस्राव : गर्भाशय काढणे हाच उपाय आहे का?

प्रश्न : माझे वय 43 आहे. वर्षभरापासून पाळीत आठ-नऊ दिवस रक्तस्राव होतो, गाठी पडतात आणि दर तासाला पॅड बदलावे लागते. सोनोग्राफीत दोष आढळला नाही. मुले झाली आहेत, तर गर्भाशय काढून टाका, असे नातेवाईक सुचवतात. काय करावे?

उत्तर : मुले झाली, एवढ्याच कारणाने गर्भाशय काढणे योग्य नाही. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) आणि गरजेनुसार थायरॉइडची तपासणी करावी. आपल्या वयात स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाशयाच्या अस्तराचा नमुनाही तपासायला सांगू शकतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या केवळ जास्त स्रावाच्या दिवसांत घ्यायच्या असतात, मात्र पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झाली असल्यास त्या टाळतात. पोटदुखीही असेल, तर मेफेनॅमिक ॲसिड हे वेदनाशामक उपयोगी पडते.

माझ्या मते आपण सर्वप्रथम विचार करावा तो लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक (हार्मोन) सोडणाऱ्या, गर्भाशयात बसवायच्या साधनाचा. ते अस्तर पातळ ठेवते, त्यामुळे स्राव बराच घटतो आणि ते काही वर्षे काम करते; परंतु सुरुवातीचे तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतात, आणि हे आधी न सांगितल्यामुळे अनेकजणी ते घाईने काढून टाकतात. त्याने भागले नाही, तर अस्तर नष्ट करण्याची छोटी शस्त्रक्रिया करता येते. तिच्यानंतर गर्भधारणा धोक्याची असल्याने गर्भनिरोधन चालू ठेवावे लागते. गर्भाशय काढणे त्यानंतरचे. दरम्यान, फेरिटिन कमी निघाल्यास लोहाच्या गोळ्या लगेच सुरू कराव्यात. सलग दोन तास तासाला पॅड भिजत असेल आणि चक्कर येत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.