परसातली तवशी, भोपळे, आंबाडे दसऱ्याआधी कसे टिकवावेत? लोणच्यात मीठ कमी चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबई सोडून राजापूरजवळ गावच्या घरी आलात, परसात तवशी (मोठ्या गावठी काकड्या), लाल भोपळे, कोहळे, आंबाडे (कोयीची छोटी आंबट फळं), बिंबलं (लांबट, हिरवी, फार आंबट फळं), मिरच्या एकदम आल्या आहेत. फ्रिज लहान, विजेचा भरवसा नाही. आणि शेवटी सहज विचारल्यासारखं, आईला बीपी आहे तर लोणच्यात मीठ कमी घातलं तर चालेल का?

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण त्याच ओळीपायी आमच्याकडे दोन किलो आंबाड्यांची माती झाली.

चालणार नाही. मीठ कमी खायचं असेल तर लोणचं कमी खावं. बरणीतलं मीठ चवीसाठी नसतं, राखणीसाठी असतं.

खारातल्या, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या, आंबाड्यांचं माप वजनावर धरा: 2 किलो आंबाड्यांना 400 ग्रॅम खडे मीठ, म्हणजे पाचास एक. शिरोड्याकडचं मिठागराचं मिळालं तर बघा (1930च्या सत्याग्रहाचं शिरोडं तेच). पिशवीतल्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड असते, तिच्याने खार गढूळ दिसतो. बिघडत नाही, पण पुढे गढूळपणा आला तर तो पुडीचा की नासल्याचा, ते कळत नाही. आंबाडे कोय जून व्हायच्या आतले घ्या. जून झाले असतील तर वरवंट्याने हलके ठेचा, नाहीतर मीठ आत शिरत नाही. धुवून, देठ काढून, पंच्यावर पसरून रात्रभर पंख्याखाली. तळाला मीठ, मग थर, सर्वांत वर पुन्हा मीठ. वर धुवून वाळवलेला दगड, तोंडाला दादरा, म्हणजे बांधायचं फडकं. चार-पाच दिवसांत खार सुटतो. सगळे आंबाडे त्यात बुडालेच पाहिजेत. नाही बुडाले तर 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम मीठ उकळून, पूर्ण गार करून ओता.

तीन वर्षांपूर्वी आमच्या जाऊबाईंनी, ठाण्याला राहतात, त्याच झाडाचे, त्याच दिवशी उतरवलेले 2 किलो आंबाडे 160 ग्रॅम मिठात घातले. बीपीचंच कारण. इतक्या मिठात आंबणं थांबत नाही, उलट छान चालतं. सहाव्या दिवशी बुडबुडे आले, दादरा ओला झाला. बाराव्या दिवशी वर पांढरी साय. ती काढली की दोन दिवसांत पुन्हा धरते, आणि धरते तेव्हा खारातला आंबटपणा खाते. मग मऊपणा येतो. विसाव्या दिवशी साल बोटाला लागून आली. शेजारच्याच 400 ग्रॅमच्या बरणीला काही झालं नाही, अजून तळाला चार-पाच आंबाडे आहेत.

त्यांचं म्हणणं, मी सांगितलेलं वाटीचं माप चुकीचं होतं. वाटीचं माप चुकतं, हे खरं. ज्या वाटीत बारीक मीठ 180 ग्रॅम भरतं, तिच्यात खडे मीठ 140-150च भरतं, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. पण म्हणून 400चे 160 होत नाहीत. काटा घ्या, स्वयंपाकघरातला साधा चालतो.

आईसाठी एवढं करता येईल: एक आंबाडा तासभर पाण्यात ठेवा, पाणी एकदा बदला, आमटीत टाका आणि त्या आमटीत वेगळं मीठ घालूच नका. तरीही खारट राहतोच. औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून.

आता बाकीचं. तवसं फ्रिजमध्ये घालू नका. 10 अंशांखाली काकडीच्या जातीला थंडी बाधते, आतून पाणचट होते, सालीवर खड्डे पडतात. पिवळं-तांबूस झालेलं तवसं दोन बोटं देठ ठेवून कापा, न धुता सुंभाच्या शिंकाळ्यात पडवीच्या वाशाला टांगा, एकाला एक लागू न देता. दोन-तीन महिने सहज राहतं. दर आठवड्याला बूड दाबून बघा. मऊ लागलं की त्याच दिवशी धोंडस, म्हणजे तवशाचा गुळाचा केक. आधी देठाकडचा तुकडा चाखा. कडू जहर लागला तर अख्खं फेका. गूळ घालून कडूपणा झाकला जातो, पोटाला व्हायचा तो त्रास होतोच.

लाल भोपळ्याच्या सालीत नख रुतत नसेल तरच काढा, देठ चार बोटं ठेवून. देठ मोडला की तिथूनच कुजतो. आठ-दहा दिवस वाऱ्याला सावलीत, मग माळ्यावर भाताच्या पेंढ्यावर, सुटे सुटे. कोहळ्यावरची पांढरी भुकटी पुसू नका, सुनबाईंनी स्वच्छतेच्या हौसेने पुसलेला कोहळा आधी जातो. ती मेणासारखी असते, पाणी बाहेरच ठेवते. सुरण आणि करांदे हे कंद तर आत्ता खणूच नका. पाला पिवळा पडून बसेपर्यंत जमीन हीच त्यांची कोठी. डुकरांचा उपद्रव असेल तर मात्र कुंपण आधी बघा.

वाळवणाचं नाव दिवाळीपर्यंत काढू नका. ऑक्टोबरचं ऊन अंगाला चटके देतं म्हणून माणसं फसतात. दुपारनंतर परतीचा पाऊस येतो, आणि नाही आला तरी हवेत ओल असते. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की मीठच हवेतलं पाणी ओढायला लागतं, आणि किनाऱ्यावर रात्री ती रोजच तिथे जाते. म्हणून मीठ लावलेली मिरची किंवा सांडगे रात्री गच्चीवर राहिले की सकाळी ओले. दिवाळीनंतरसुद्धा ऊन उतरायच्या आत, चारला, सगळं घरात आणि डब्यात.

बिंबलं दिवाळीपर्यंत थांबणारी नाहीत, म्हणून त्यांना तेवढी सूट. उभी चिरून किलोला 100 ग्रॅम मीठ, दिवसा ऊन, रात्री परत त्याच सुटलेल्या पाण्यात, कोकमांसारखं. पाऊस आला तर पाण्यातच राहू द्या. अॅल्युमिनियमचं किंवा कल्हई गेलेलं भांडं नको, चिनी मातीचं घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी बिंबलांच्या वाटेला जाऊ नये, आणि रस काढून तर कोणीच पिऊ नये.

भोपळा उकडून हवाबंद बाटल्यांत भरायचे व्हिडिओ दिसतील. घरी करू नका. त्यात आंबट नसतं, आणि नुसत्या उकळत्या पाण्याने विष तयार करणाऱ्या जंतूंचं बीज मरत नाही. वरून बाटली चांगलीच दिसते.

मिरच्यांचं राहिलं. त्या पिकू द्या झाडावर, दिवाळीनंतर किलोला 100-125 ग्रॅम मीठ आणि लिटरभर आंबट ताक. रात्री ताकात, दिवसा उन्हात, ताक मुरेपर्यंत.

आणि जाऊबाई हे वाचतील म्हणून: बरणी मी धुतली होती. कढत पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात पालथी घातली होती. दोन्ही बरण्या.