परदेशातील वर्गाशी पडद्यावरची भेट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेतील सहावी-सातवीच्या मुलांची जपानमधील एका प्राथमिक शाळेशी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे भेट झाली. आमच्या मुलांनी स्वागतगीत म्हटले, लेझीम केले. तिकडच्या मुलांनी कागदाचे पक्षी करून दाखवले. त्यानंतर मात्र दोन्हीकडची मुले एकमेकांकडे पाहून नुसती हसत राहिली. पुढची भेट अर्थपूर्ण व्हावी म्हणून काय करावे आणि तिची वेळ कोणती ठेवावी?
— शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : दोन्ही वर्गांनी एकमेकांसाठी कार्यक्रम बसवला, आणि कार्यक्रम पाहणाऱ्याला टाळ्या वाजवण्यापलीकडे काही काम उरत नाही. लेझीम वाईट नाही; पण नऊवारी, फेटे आणि आकाशकंदील दाखवून संपणारी भेट म्हणजे कॅमेऱ्यासमोरचे स्नेहसंमेलनच होय. मुलांना बोलते करायचे असेल, तर एका वर्गाला हवी असलेली माहिती फक्त दुसऱ्या वर्गाकडेच आहे, अशी परिस्थिती शिक्षकांनी आधी निर्माण करावी लागते.

आपल्यासाठी शाळेतील दुपारचे जेवण हा विषय सुचवतो. जपानमध्ये शालेय भोजनाचा कायदा १९५४ पासून आहे. तेथील बहुतेक प्राथमिक शाळांत मुले पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून आळीपाळीने स्वतः वाढतात, शिक्षकांसह वर्गातच जेवतात आणि वर्गाची झाडलोटही स्वतःच करतात. आपल्याकडे पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य धरले जाते. दोन्ही वर्गांनी आठवडाभर नोंद ठेवावी : आज काय होते, भाजी कोठून आली, कोणी शिजवले, कोणी वाढले, ताटात किती उरले, भांडी कोणी घासली. या नोंदी छायाचित्रांसह भेटीच्या किमान आठ दिवस आधी एकमेकांना पाठवाव्यात. त्या वाचल्यावर जे प्रश्न पडतील ते मुलांनी लिहून काढावेत आणि ज्यांचे उत्तर ज्ञानकोशात सापडते ते प्रश्न खोडून टाकावेत. जपानची राजधानी विचारण्यासाठी कोणाला पडद्यासमोर बसवायला नको. परंतु नावडती भाजी ताटात टाकता येते का, शिक्षकांनाही तेच जेवण मिळते का, वाढताना मित्राला जास्त वाढले तर कोणी रागावते का, या प्रश्नांची उत्तरे तिकडच्या मुलांशिवाय कोणी देऊ शकत नाही. आपल्या मुलांनाही असेच अवघड प्रश्न विचारले जातील. उष्टे कोण काढते, असे कोणी विचारले, तर उत्तर शिक्षकांनी सुधारून देऊ नये.

इंग्रजीची चिंता फार करू नये. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले, जपानमध्ये पाचवी-सहावीला परकीय भाषा हा औपचारिक विषय २०२० पासून आहे; तरीही अस्खलित बोलणारी मुले दोन्हीकडे थोडीच असतात. प्रश्न आधी लेखी गेलेले असले आणि वस्तू हाताशी असल्या की तुटक वाक्यांवरही संवाद चालतो. भाषांतर करणाऱ्या शिक्षकाने मुलाचे म्हणणे जसेच्या तसे पोहोचवावे, त्यात आपली भर घालू नये.

वेळेबद्दल सांगायचे तर जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. आपल्याकडे साडेदहाला शाळा भरते तेव्हा तिकडे दुपारचे दोन वाजलेले असतात आणि शाळा सुटायला फारसा अवकाश नसतो. म्हणून परिपाठानंतर लगेच भेट ठेवावी. जपानची उन्हाळी सुट्टी साधारण जुलैअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत असते आणि त्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. त्यामुळे सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ, दिवाळीची आणि त्यांची नववर्षाची सुट्टी वगळून, दोघांनाही सोयीचा पडतो. युरोपातील शाळेशी संबंध जोडल्यास मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तासाने बदलतात, हे विसरू नये.

प्रश्न : माझ्या मुलाच्या शाळेत असा उपक्रम सुरू होत आहे. मुलांचे चेहरे आणि नावे परदेशात दिसणार, याची काळजी वाटते. पालक म्हणून मी काय विचारावे?
— पालक, पुणे

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम टप्प्याटप्प्याने लागू होत असून, तो १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अपेक्षा ठेवतो. शाळेने संमतीपत्र घेताना भेटीसाठी, ध्वनिचित्रमुद्रणासाठी आणि ते कोठेही प्रसिद्ध करण्यासाठी अशा तीन स्वतंत्र संमती मागाव्यात. एकाच सहीत सारे गुंडाळणे योग्य नाही. मुद्रण कोण ठेवणार आणि कधी पुसणार, हे लेखी मागावे. पडद्यावर मुलाचे केवळ पहिले नाव असावे; आपल्या समाजात आडनावावरून काय काय तर्क केले जातात हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मते खरा धोका परदेशी वर्गापेक्षा त्यानंतर गावभर फिरणाऱ्या व्हॉट्सॲपवरील चित्रफितींचा अधिक असतो.

प्रश्न : आमच्या शाळेत एकच संगणक आहे आणि नेट मधूनमधून जाते. आम्ही या उपक्रमाचा विचार करावा का? परदेशी शाळा कोठे शोधावी?
— मुख्याध्यापक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : अवश्य करावा, मात्र खर्चाचा क्रम बदलावा. पैसे आधी चांगल्या माइकवर आणि स्पीकरवर घालावेत, मोठ्या पडद्यावर नंतर. चित्र अस्पष्ट असले तरी मुले सांभाळून घेतात, आवाज तुटला की वर्ग हातचा जातो. नेट मंदावल्यास कॅमेरा बंद करावा, कारण नुसत्या आवाजाला चित्राच्या मानाने फारच थोडी क्षमता लागते. आवाज पोहोचण्यास एका दिशेने १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागला, तर माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. म्हणून बोलणाऱ्या मुलाने एका ठरावीक खुर्चीवर येऊन बसावे आणि बोलणे संपल्याची खूण हात खाली करून द्यावी. तीसजणांनी एकदम बोलण्यापेक्षा हे बरे. नेट गेलेच, तर प्रश्नोत्तरे मोबाईलवर मुद्रित करून पाठवावीत.

न्यूयॉर्क राज्य आणि मॉस्को येथील शाळांना १९८८ मध्ये व्हिडिओ टेलिफोनने जोडणारा प्रकल्प आजच्यापेक्षा कितीतरी तोकड्या साधनांवर चालला होता. त्यातूनच आयअर्न हे शाळांचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. त्याचे भारतातील केंद्र पुण्यात आहे. प्रारंभ तेथून करावा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांच्या कामातही संघर्षग्रस्त देशांतील मुलांना पडद्यावरून एकत्र आणणारा उपक्रम होता. जुन्या मार्गदर्शिकांत स्काइपवरील शालेय कार्यक्रमाचा पत्ता दिलेला आढळेल. स्काइप ही सेवाच मे २०२५ मध्ये बंद झाली आहे. जोडीदार शाळा मिळाल्यावर पहिली भेट केवळ दोन शिक्षकांनी घ्यावी आणि आवाज, वेळ व विषय त्याच वेळी ठरवून टाकावेत.