चाळीस मेल आणि दोन उत्तरं

प्रिय,

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि आज सकाळी पुन्हा वाचलं. चाळीस ठिकाणी मेल पाठवून फक्त दोन उत्तरं आली म्हणून तू खट्टू झाला आहेस. पण पहिल्यांदा मानसशास्त्राची इंटर्नशिप शोधणाऱ्याला दोन उत्तरं येणं काही वाईट नाही. तुझा खरा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे: मोठ्या रुग्णालयाचा मनोविकार विभाग घ्यायचा, की शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांच्या शाळेतलं छोटंसं मूल्यमापन केंद्र? रुग्णालयाचं नाव बायोडेटावर उठून दिसेल, असं तुझे मित्र म्हणतात. एवढ्या लांबलचक पत्रात एक गोष्ट मात्र कुठेच सापडली नाही. तिथे तुझ्याबरोबर बसणार कोण?

हे मी इतक्या आग्रहाने का विचारते, ते सांगते.

माझी पहिली इंटर्नशिप नावाजलेल्या ठिकाणी होती. जागा मिळाली तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी अभिनंदन केलं. कागदावर ज्यांची सुपरव्हायजर म्हणून नोंद होती, ते पहिल्या दिवशी दहा मिनिटं भेटले आणि नंतर थेट प्रमाणपत्रावर सही करताना दिसले. मधले दोन महिने मी जुन्या केस फायली नव्या रजिस्टरमध्ये उतरवत होते. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस माणसं कमी होती, तेव्हा नुकत्याच दाखल झालेल्या एका बाईंजवळ ‘जरा बोलत बस’ म्हणून मला पाठवलं. पाचव्या मिनिटाला त्या शांतपणे म्हणाल्या, की त्यांना जगायचं नाही. हे कुणाला सांगायचं, कुठे लिहायचं, त्यांना एकटं सोडून उठायचं की नाही, यातलं काहीच मला कुणी शिकवलं नव्हतं. दारातून जाणाऱ्या परिचारिकेला मी हाक मारली, ती आली, आणि त्या बाईंकडे वेळेवर लक्ष दिलं गेलं. ती परिचारिका त्या वेळी तिथून गेली नसती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसरी इंटर्नशिप एका छोट्या केंद्रात झाली. एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात माझं स्टूल. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा लाल-पांढरे ठोकळे जुळवून समोरच्या चित्रासारखी नक्षी करत होता. ही एक मानसशास्त्रीय चाचणी होती. माझ्या सुपरव्हायजर मॅडमच्या हातात स्टॉपवॉच होतं आणि मला फक्त बघायचं होतं. मुलगा गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘काय पाहिलंस?’ मी लगेच म्हणाले, ‘तो खूप घाबरलेला होता.’ त्या म्हणाल्या, ‘हे तुला वाटलं. पाहिलंस काय?’ मी गप्प. थोड्या वेळाने आठवलं, की प्रत्येक ठोकळा ठेवण्याआधी तो मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होता. ठोकळा हातात धरायचा, वर बघायचं, मग ठेवायचा. शेवटच्या दोन नक्षींच्या वेळी तर हात टेबलावर आणि डोळे मॅडमवर, असंच चाललं होतं. ‘आता बोललीस,’ त्या म्हणाल्या. मग आम्ही अर्धा तास बोलत बसलो: त्याचे गुण कमी आले ते नक्षी जमत नाही म्हणून, की चुकण्याची धास्ती होती म्हणून? ते ठरवायला अजून काय बघावं लागेल? शाळेत त्याच्या बाई काय सांगतात? त्या अर्ध्या तासात मी जे शिकले, ते आधीच्या दोन महिन्यांत शिकले नव्हते.

त्या दिवसापासून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे ‘पाहिलं’ आणि उजवीकडे ‘वाटलं’. तूही मार. पण वहीत कुणाचंही नाव, शाळा, पत्ता लिहायचा नाही, आणि चाचणीच्या साहित्याचा फोटो तर मुळीच काढायचा नाही. चाचणीतले प्रश्न बाहेर फुटले की ती चाचणी पुढच्या मुलासाठी निकामी होते.

शाळेतलं काम दुय्यम आणि ‘खरं’ मानसशास्त्र रुग्णालयात, हा समज मनातून काढून टाक. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केलं, तेव्हा त्यांच्यापुढे आलेली पहिली केस होती एका शाळकरी मुलाची, ज्याला शब्दांचं स्पेलिंग जमत नव्हतं. त्याला घेऊन आली होती त्याची शिक्षिका. तपासणीत त्याच्या नजरेतही दोष निघाला. म्हणजे आपल्या व्यवसायाची सुरुवातच मुळी वर्गात मागे पडणाऱ्या मुलापासून झाली, आणि तीही डोळे तपासण्यासारख्या साध्या गोष्टीकडे लक्ष देऊन. संशोधन प्रयोगशाळा, कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग, व्यसनमुक्ती केंद्रं, वृद्धाश्रम, क्रीडा प्रशिक्षण केंद्रं, या सगळ्या ठिकाणी पदवीच्या विद्यार्थ्याला शिकण्यासारखं पुष्कळ असतं. फक्त शिकवणारं माणूस तिथे हवं.

आणखी एक गोंधळ दूर करते, कारण ‘मला थेरपी करायला मिळेल का’ असं तू विचारलं आहेस. इंटर्नशिप हा एकच शब्द दोन फार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डेव्हिड शाको यांच्या समितीने १९४७ मध्ये सुचवलं, की क्लिनिकल मानसशास्त्राच्या चार वर्षांच्या डॉक्टरेटमधलं तिसरं वर्ष इंटर्नशिपला द्यावं. तिथल्याच १९४९ च्या बोल्डर परिषदेत संशोधन आणि प्रत्यक्ष काम हातात हात घालून शिकवण्याचा आराखडा पक्का झाला. ती इंटर्नशिप म्हणजे जवळजवळ तयार झालेल्या मानसशास्त्रज्ञाचं पूर्ण वेळेचं वर्ष. तुझी काही आठवड्यांची आहे. युरोपात युरोसाय हे मानसशास्त्रज्ञाचं प्रमाणपत्र मिळवायलासुद्धा विद्यापीठाच्या पाच वर्षांनंतर निदान एक वर्ष देखरेखीखाली काम करावं लागतं. त्यामुळे तुला बघायला, नोंदी करायला, गुणांकन करायला, गटाच्या कार्यक्रमात मदत करायला मिळालं तर ते तुझ्या पायरीला साजेसं आहे. पहिल्याच आठवड्यात कुणी ‘स्वतंत्र क्लायंट देतो’ म्हणालं, तर खूश होऊ नकोस. तिथून नम्रपणे बाहेर पड.

पुढचा मेल पाठवण्याआधी तुझ्या विभागाची नियमावली काढून शांतपणे वाच. किती तास लागतात, त्यातले प्रत्यक्ष माणसांबरोबरचे किती, सही करणाऱ्याची पात्रता काय हवी, एकाच ठिकाणी सगळे तास करावे लागतात का, हे प्रत्येक विद्यापीठात निराळं असतं. जर्मनीत २०२० च्या सुधारणेनंतर मनोपचाराकडे जाणाऱ्या बॅचलर अभ्यासक्रमात १५० तासांची ओळखीची इंटर्नशिप आणि वेगळं २४० तासांचं प्रत्यक्ष काम आहे, आणि एकाचे तास दुसऱ्यात धरत नाहीत. तुझ्या विद्यापीठाचा हिशोब वेगळा असेल, पण हिशोब असणारच. माझी एक विद्यार्थिनी मन लावून सगळे तास पूर्ण करून आली आणि मग कळलं, की सही करणाऱ्याची पात्रता नियमात बसत नाही. तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. विद्यापीठ आणि संस्था यांच्यात लेखी करार लागतो का, मुलांबरोबर काम करायचं तर पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते का, रुग्णालयासाठी लसीकरणाचा दाखला लागतो का, हेही आत्ताच विचार. या कागदांना आठवडे लागतात. म्हणून पाच-सहा महिने आधी कामाला लागावं, असं मी सगळ्यांना सांगते.

आता तुझ्या मेलबद्दल. तू पाठवलेला नमुना वाचला. ‘मला लहानपणापासून मानवी मनाचं कुतूहल आहे आणि आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन.’ भावना प्रामाणिक आहे, पण वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. दिवसभर लागोपाठ सेशन घेऊन थकलेल्या माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: तू कोण, कधी आणि किती वेळ येणार, आणि तुझ्यामुळे त्याचं काम किती वाढणार. असं काहीसं लिहून बघ:

‘मी मानसशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या सत्रात आठवड्यातून दोन दिवस, एकूण इतके तास, मला देखरेखीखाली काम करायचं आहे. आतापर्यंत मी विकासात्मक मानसशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्रीय चाचण्या हे विषय शिकलो आहे. स्वतंत्रपणे चाचणी घेण्याचं प्रशिक्षण माझ्याकडे नाही. नोंदी, गुणांकन, साहित्य तयार करणं ही कामं मी करू शकतो. विभागाचं पत्र आणि तासांचे नियम सोबत जोडले आहेत. पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’

काय येत नाही ते लिहायला लाजू नकोस. माझ्याकडे अर्ज येतात तेव्हा मी ती ओळ आधी शोधते. स्वतःची मर्यादा ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला मी निर्धास्तपणे खोलीत बसू देते. मेल संस्थेच्या सामाईक पत्त्यावर न पाठवता माणसाच्या नावाने पाठव, आणि चाळीस जणांना एकच मजकूर नको. त्यांच्या कामातली एक नेमकी गोष्ट तुला का शिकायची आहे, ते एका वाक्यात लिही. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर. मग सोडून दे.

इंटर्नशिपसाठी पैसे मागणारी ठिकाणंही भेटतील. सगळीच वाईट असतात असं नाही. पण पैशाच्या बदल्यात कोण, किती तास, काय शिकवणार हे लेखी मिळत नसेल, तर तू कागद विकत घेतो आहेस.

ज्या दोघांचं उत्तर आलं आहे, त्यांना या आठवड्यात फोन कर आणि विचार: आठवड्यातून किती वेळ सुपरव्हिजन मिळेल, ते एकट्याला की गटात, आणि सुपरव्हायजर रजेवर असतील तेव्हा मी कुणाकडे जायचं? पहिल्या दिवशी मी काय करेन आणि चौथ्या आठवड्यात काय? आणि न चुकता हे विचार: माझ्यासमोर कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याबद्दल बोललं, तर मी त्याच क्षणी कुणाला सांगायचं? जे ठिकाण नीट चालतं, तिथे याचं उत्तर तयार असतं. गोपनीयतेलाही सीमा असते. टॅरासॉफ खटल्यात १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रुग्णाकडून एखाद्याच्या जिवाला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचारकर्त्याचं कर्तव्य आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. पण इंटर्नने कधीही ‘तू मला सांग, मी कुणालाच सांगणार नाही’ असं म्हणू नये, एवढं मी तुला कुठल्याही देशात सांगेन. ‘तू जे सांगशील ते मी मॅडमशी बोलेन’ हे आधीच सांगायचं असतं.

तुझ्या पत्रावरून दिसतं, की रुग्णालयात एका सुपरव्हायजरकडे अकरा इंटर्न आहेत, आणि शाळेतल्या मॅडमनी स्वतःहून लिहिलंय, ‘शुक्रवारी दुपारचा तास तुझ्या शंकांसाठी ठेवेन.’ ही ओळ तू सहज म्हणून लिहिली आहेस. मी तिच्याखाली दोनदा रेघ मारली. फोनवर बाकीची उत्तरंही नीट मिळाली तर शाळा घे.

रुग्णालयाला नकार कळवताना दोन ओळी आभाराच्या लिही. पुढे मास्टर्सला असताना तुला तिथे जावंसं वाटेल, आणि तेव्हा तुझी तयारीही जास्त असेल. शाळेच्या मॅडमना तासांचा तक्ता आणि विभागाचा फॉर्म आजच पाठव, आणि विभागाच्या को-ऑर्डिनेटरची सही होईपर्यंत सुरुवात करू नकोस. पहिल्या शुक्रवारच्या तासानंतर मला लिही. त्या दिवसाच्या पानावर डावीकडे काय लिहिलं आहेस, ते मला वाचायचं आहे.