महिन्याला 15 हजारांत गाडी बसते का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मी, मिस्टर, सासू-सासरे आणि सहावीतली मुलगी. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 82 हजार, त्यातले 31 हजार घराच्या हप्त्याला जातात. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरतंय, हॉस्पिटलच्या फेऱ्यांना कॅबवर महिन्याला 4 हजार आत्ताच जातात, वर मेट्रोच्या कामामुळे ट्रॅफिक असला की कॅबवाले ट्रिप कॅन्सल करतात. म्हणून गाडी घ्यायचीये. ऑन-रोड साडेआठ लाखांची पेट्रोल गाडी बघितलीये, अडीच लाख बाजूला ठेवलेत, 6 लाखांचं लोन लागेल. कॅबचे पैसे धरून महिन्याला 15 हजार काढू शकतो. बँक 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी देतेय, शोरूमवाला म्हणतो आमच्याकडे 6 टक्के फ्लॅट, तोच असंही म्हणतो की 7 वर्षांचं घ्या, हप्ता 10 हजारांच्या आत येईल. सासरे म्हणतात माझी 6 लाखांची एफडी आहे त्यावर लोन काढा. कुठलं घेऊ?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: आधी 6 टक्के फ्लॅटचा हिशोब करूया कारण त्यातच सगळ्यात जास्त लोक फसतात. फ्लॅट म्हणजे पूर्ण 6 लाखांवर पाचही वर्षं व्याज, तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असलात तरी. 6 लाखांचे 6 टक्के 36 हजार, पाच वर्षांचे 1 लाख 80 हजार, म्हणजे हप्ता 13,000. बँकेचे 9 टक्के रिड्यूसिंग आहेत, जेवढी बाकी उरली तेवढ्यावरच व्याज, त्याचा हप्ता येतो 12,455. म्हणजे स्वस्त वाटणारं 6 टक्के बँकेपेक्षा पाच वर्षांत साधारण 32,700 रुपयांनी महाग आहे, बँकेच्या भाषेत तो रेट जवळपास 10.85 टक्के पडतो. शोरूममध्ये कोणी टक्के सांगितले की पहिला प्रश्न हाच विचारायचा, फ्लॅट की रिड्यूसिंग.

आणि तोंडी काही ऐकून घेऊ नका. 1 ऑक्टोबर 2024 पासून आरबीआयच्या नियमाने बँक असो नाहीतर फायनान्स कंपनी, सही घेण्याआधी की फॅक्ट्स स्टेटमेंट द्यावंच लागतं, त्यात एपीआर नावाचा आकडा असतो ज्यात व्याजाबरोबर प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरलेलं असतं. दोन्हीकडून तो कागद मागा आणि एपीआर शेजारी शेजारी ठेवून बघा. लोनबरोबर इन्शुरन्स घालतायत का तेही त्यातच दिसेल, तो नको असेल तर नको म्हणा.

आता 7 वर्षांचं. 9 टक्क्यांनीच धरलं तर हप्ता 9,653 येतो, ऐकायला बरं वाटतं, पण व्याज 1 लाख 47 हजारांवरून 2 लाख 11 हजारांवर जातं. आणि पाच वर्षांनी गाडी विकायची म्हटली तरी बँकेचं 2 लाखांच्या वर देणं बाकीच असेल, तेवढ्यात गाडी जुनी होऊन तिची किंमत उतरलेली. हप्ता बजेटमध्ये बसवायला मुदत वाढवायची ही शोरूमची नेहमीची पद्धत आहे, तुम्ही महिन्याचा आकडा सांगितलात की ते तिथूनच सुरुवात करतात, म्हणून तो आकडा त्यांना सांगूच नका, आधी गाडीच्या किमतीवर बोला.

सासऱ्यांच्या एफडीवरचं लोन खरंच स्वस्त पडतं. साधारणपणे एफडीच्या रेटपेक्षा एखादा टक्का जास्त, एफडीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम, म्हणजे तुम्हाला 6 नाही, 5 लाख 40 हजारांपर्यंतच, आणि एफडीचं व्याज त्यांना मिळत राहतं. तुलनेसाठी 6 लाखच आणि 7.5 टक्के धरले तर हप्ता 12 हजारांच्या आसपास, म्हणजे वाचतात महिन्याला चारशे-साडेचारशे. एवढ्यासाठी म्हाताऱ्या माणसांची सगळी पुंजी अडकवायची, तीही घरात ऑपरेशन तोंडावर असताना? लोन फिटेपर्यंत ती एफडी मोडता येत नाही. मला हे अजिबात पटत नाही, त्यांनी प्रेमाने देऊ केलंय, तुम्ही प्रेमानेच नाही म्हणा.

म्हणजे चारांतलं बँकेचं 5 वर्षांचं बरं. पण ताई, मला तुमच्या 15 हजारांचीच काळजी वाटतेय. त्यात फक्त हप्ता बसवून चालणार नाही. महिन्याला 500 किलोमीटर गाडी चालली आणि ट्रॅफिकमध्ये 15 चं ॲव्हरेज मिळालं तर 33 लिटर पेट्रोल, शंभराच्या वरचा भाव धरून साडेतीन हजार गेले. मुलुंडचा टोल ऑक्टोबर 2024 पासून कारना माफ आहे म्हणून तो धरला नाही. दरवर्षीचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग यांचे महिन्याला 2 हजार बाजूला काढा, सोसायटीचं पार्किंग आणि धुणाऱ्याचे 500. झाले 6 हजार. हप्त्याला उरले 9 हजार! आणि 12,455 चा हप्ता घराच्या 31 हजारांत मिळवला तर पगाराच्या निम्म्याच्या वर नुसत्या हप्त्यांत जातात, बँकेने मंजूर केलं तरी घर तुम्हाला चालवायचंय.

9 हजारांत 9 टक्क्यांनी पाच वर्षांचं लोन बसतं ते सव्वाचार लाखांच्या जरासं वर. अडीच लाख त्यात मिळवले की ऑन-रोड पावणेसात लाखांची गाडी. आत्ताच हवी असेल तर एक साइज छोटी बघा, सासूबाईंना चढ-उतार करायला सीट जमते का तेवढं मात्र त्यांना बसवून बघा, गुडघ्याला खोल सीट फार त्रास देते.

बघितलेलीच हवी असेल तर एक वर्ष थांबा असं मी सांगेन. कॅबचे 4 हजार जाऊ देत, उरलेल्या 11 हजारांची दर महिन्याला आरडी करा, अडीच लाखांची एफडी करा, वर्षभरात व्याज धरून साधारण 4 लाख जमतील. मग लोन साडेचार लाखांचं, हप्ता 9,340. आपल्या बजेटच्या थोडा वर आहे पण निभेल. मध्ये किंमत वाढेल का? वाढू शकते, कंपन्या बऱ्याचदा जानेवारीत भाव वाढवतात. पण दर महिन्याला 3-4 हजार कमी पडून ते क्रेडिट कार्डवर ओढत राहणं त्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. आणि या वर्षात 11 हजार टाकणं जड गेलं तर तेही गाडी घ्यायच्या आधीच कळलेलं बरं.

दोन गोष्टी घाईत सांगते. एक्स-शोरूम किंमत 10 लाखांपर्यंत असलेल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 11 टक्के रोड टॅक्स लागतो, तो कमी होत नाही, पण इन्शुरन्स शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरून कोटेशन आणून दाखवलं की तेही खाली येतात. आणि लोन शक्यतो फ्लोटिंग म्हणजे बदलत्या रेटचं घ्या कारण त्यावर मुदतीआधी पैसे भरले तरी बँक तुमच्याकडून प्रीपेमेंट चार्ज घेऊ शकत नाही, बोनस आला की मुद्दलात भरता येतो. फिक्स्ड असेल तर करारात किती टक्के चार्ज लिहिलाय ते सही करायच्या आधी वाचा.

प्रश्न: इलेक्ट्रिक कार लोनवर घेतली तर व्याजावर दीड लाखांपर्यंत इन्कम टॅक्सची सूट मिळते ना? एजंटने तसं सांगून हप्ता परवडतो असं दाखवलं.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: नाही मिळत. ती 80 ईईबी कलमाखालची सूट होती आणि 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात मंजूर झालेल्या लोनलाच लागू होती. आत्ता नवीन लोन काढणाऱ्या नोकरदाराने ती धरून हिशोब करू नये. एजंटचा कागद बाजूला ठेवा आणि सूट काढून हप्ता परवडतो का ते परत बघा.

प्रश्न: माझं कार लोन चार महिन्यांपूर्वी संपलं. बँकेने एनओसी दिली, ती फाइलला लावून ठेवली. आता गाडी विकायला काढली तर घेणारा म्हणतो आरसीवर अजून बँकेचं नाव आहे. गाडी एमएच 43 आहे.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर: लोन संपलं म्हणून आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद, आपोआप निघत नाही, ते आपणच काढून घ्यायचं असतं. एनओसीबरोबर बँकेने सही-शिक्का केलेला फॉर्म 35 मिळाला असेल तो शोधा. एनओसीला बहुतेक वेळा तीन महिन्यांची मुदत असते, तुमची उलटून गेली असणार, तेव्हा आधी बँकेत जाऊन दोन्ही नव्याने मागून घ्या, मग परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करून फी भरा आणि वाशी आरटीओचं काम पुरं करा. बँकेचं नाव निघालेली आरसी हातात येईपर्यंत विक्रीचे पूर्ण पैसे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका, घेणारा अडून बसलाय ते बरोबरच आहे.

आणि विक्री लांबली तर इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसीवरूनही बँकेचं नाव काढून घ्या, नाहीतर उद्या गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर क्लेमचे पैसे मिळताना परत त्याच एनओसीसाठी बँकेत खेटे घालावे लागतील.